लोट्यावरची रेघ

माझा स्वभाव फटकळ. बंगळुरात चामराजपेटेत आमच्या वडिलांचं शिंपीकामाचं दुकान होतं. सदरा घट्ट झाला म्हणून भांडायला आलेल्या गिऱ्हाइकाला, "कापड आटलं नाही हो, तुमचं पोट वाढलंय," असं मी तोंडावर सांगितलं तेव्हा मी दहा वर्षांची होते. लग्न होऊन राजाजीनगरला आले, तर महिन्याभरात सासूबाई म्हणाल्या, हिच्या जिभेला काही हाड नाही. खरंच नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात माझ्या जिभेचा वाटा मोठा आहे. मागाहून कुणी म्हणायला नको की बाईनं स्वतःला सोवळं ठेवलं.

आमचे हे तिथल्याच एका कारखान्यात लेथवर होते. केसाइतकाही फरक चालायचा नाही असं काम. घरीसुद्धा तीच सवय. भिंतीला खिळा मारायचा तरी आधी पट्टी लावतील, पेन्सिलीनं खूण करतील, मग हातोडी. मी वैतागून म्हणायची, अहो, कॅलेंडर टांगायचंय, देवळाचा कळस नाही चढवायचा. ते हसायचे. मूलबाळ आम्हाला नाही, त्यामुळे घरात बोलायला मी एकटी आणि ऐकायला ते एकटे.

नव्वदनंतरची ती वर्षं. त्यांना पन्नासावं लागलं आणि दोन्ही मूत्रपिंडं कामातून गेली. हृदयही नाजूक, त्यामुळे दुसऱ्याचं मूत्रपिंड बसवता येणार नाही असं डॉक्टर म्हणाले. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, इस्पितळात जाऊन चार चार तास यंत्राला जोडून घ्यायचं. यंत्र रक्त धुऊन देणार आणि अंगात साठलेलं पाणी काढून टाकणार. लघवी जवळजवळ बंदच झाली होती, तेव्हा प्यालेलं पाणी जाणार कुठे? अंगातच राहणार. पाय सुजणार, मग ते छातीत भरणार, मग श्वास.

डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, "दिवसाला पाऊण लिटर. त्याच्या वर एक थेंब नको. हे तुमच्या हातात आहे अम्मा." हे शब्द मी घरी घेऊन आले. माझ्या हातात आहे.

घरी आल्यावर ह्यांनी एक लहानसा स्टीलचा लोटा घेतला. आमच्याकडे बंगळुरात पाणी प्यायच्या ग्लासाला लोटाच म्हणतात. औषधाच्या बाटलीवरच्या मापानं त्यात पाणी मोजून ओतलं, आणि कारखान्यातून आणलेल्या टोकदार सुईनं आतून एक बारीक रेघ ओढली. म्हणाले, "ह्या रेघेपर्यंत, पाच वेळा. झालं पाऊण लिटर." मग लोटा धुऊन माझ्या हातात दिला, "आता तू सांभाळ."

मी सांभाळला. नळाखाली उभी राहून डोळा रेघेच्या पातळीला आणून भरायची. सकाळच्या गोळ्यांबरोबर एक, दहाला एक, जेवणानंतर एक, चारला एक, संध्याकाळी एक. चहा हवा तर चारच्या लोट्यातून. मीठ बंद, केळी बंद, बटाटा बंद. एळनीर, म्हणजे शहाळ्याचं पाणी, तर विषच. आणि आजाऱ्याला बघायला येणारा प्रत्येक माणूस बंगळुरात काय घेऊन येतो? शहाळं. मी दारातूनच परत करायची. शेजारची अक्का दोन महिने माझ्याशी बोलली नाही. हळूहळू लोक यायचेच कमी झाले. आलेल्याला आधी पाणी विचारायचं, ही साधी रीतही मी सोडली होती, कारण दुसऱ्याच्या हातातल्या भरल्या लोट्याकडे हे ज्या नजरेनं बघायचे ती मला बघवत नव्हती.

मी स्वतः त्यांच्यासमोर पाणी पीत नसे. न्हाणीघरात जाऊन, दार लावून, मगानं घटाघटा प्यायची. तेही आठवण झाली तर. मला दोनदा उन्हाळी लागली. आता विचार करते तेव्हा वाटतं, त्या घरात चोरून पाणी पिणारं माणूस एकच होतं.

इस्पितळात पोचलं की आधी वजनकाट्यावर उभं करायचे. दोन डायलिसिसच्या मधे दोन किलोपर्यंत वाढलं तर ठीक. ह्यांचं साडेतीन भरायचं. सिस्टर केरळची, कडक. कन्नडमध्ये झापायची, "अण्णा, पुन्हा प्यालात ना? चार तासांत एवढं पाणी काढायचं कसं?" मग यंत्र जोरात चालवावं लागे, ब्लड प्रेशर खाली यायचं, पायांत असे गोळे यायचे की हे ओठ चावून पलंगाची दांडी धरायचे. मी पोटऱ्या चोळत उभी. चोळता चोळता बोलतही असायची, ते वेगळं.

"मी मोजून देते. रेघेच्या वर देत नाही. मग हे येतं कुठून?"

ते दांडी आणखी घट्ट धरायचे.

"ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता? सरळ सांगा ना कुठे पिता ते."

तरी काही नाही. एकदा मात्र, गोळे नुकतेच थांबले होते, घाम टिपत होते मी, तेव्हा भिंतीकडे बघत म्हणाले, "कारखान्यात पितो. कँटीनच्या नळावर."

कारखान्यात ते अजून जात होते. यंत्राचे दिवस सोडून बाकी दिवस. लेथ सुटली होती, टूल रूमच्या खिडकीत बसून हत्यारं द्यायची-घ्यायची, एवढंच काम दिलं होतं त्यांना. माणसं चांगली होती.

दुसऱ्या दिवशी ते कामावर गेल्यावर मी पदर खोचला आणि मागोमाग कारखान्याच्या फाटकावर गेले. मेस्त्रींना बाहेर बोलावलं. दहा-बारा माणसं चहाला उभी होती, त्यांच्यादेखत सांगितलं की ह्यांना नळाजवळ फिरकू देऊ नका, चहा देऊ नका, दयामाया दाखवाल तर माझं कुंकू पुसाल. हे टूल रूमच्या खिडकीतून बघत होते. मला दिसलं. मी आवाज कमी केला नाही.

आठवड्यानं मेस्त्री घरी आले, अगदी कौतुकानं सांगायला. "अक्का, तुम्ही निश्चिंत असा. सगळे नजर ठेवून आहेत. ते उठले की कुणीतरी ओरडतं, नीरुकळ्ळा निघाला!" नीरुकळ्ळा म्हणजे पाणीचोर. मेस्त्री हसले. हेसुद्धा हसले. मी हसले नाही, पण मला बरं वाटलं होतं, हे कबूल करते. निदान आता कुणीतरी माझ्याबरोबर राखण करतंय.

शुक्रवारी वजन साडेतीन किलोच.

मग माझं डोकंच फिरलं. चोर तो चोर, वर शिरजोर! आमच्याकडे नळाला दिवसाआड पाणी यायचं, पिंप भरून ठेवावं लागायचं. मी पिंपात आतून खडूनं खूण करायला लागले. माठ उचलून माझ्या पलंगाखाली ठेवला. न्हाणीघरातला मग कोरडा आहे का बघायची. जेवणानंतर ते चूळ भरायला गेले की मी शेजारी उभी.

"टाकली सगळी?"

"हं."

"आ करा."

आणि ते आ करायचे. पन्नास वर्षांचा माणूस, ज्याच्या हाताखाली शिकून लोक मेस्त्री झाले, तो मोरीपाशी उभा राहून बायकोला तोंड उघडून दाखवायचा. मला तेव्हा काही वाटायचं नाही. लाज नाही, दया नाही. दुधाचं पातेलं उतू जातंय का एवढं बघावं, तितकंच. रडूही येत नव्हतं. सकाळी उठायचं, रेघेपर्यंत भरायचं, द्यायचं, लोटा पालथा घालायचा. माझ्या आत कुणीतरी दिवा मालवून निघून गेलं होतं आणि हातपाय तेवढे कामाला ठेवले होते.

त्याच दिवसांतली रामनवमी. आमच्या कोपऱ्यावर दरवर्षी मांडव घालून पानक, म्हणजे गुळाचं पन्हं, आणि मजिगे वाटतात. मजिगे म्हणजे ताकच, कोथिंबीर-मिरची घातलेलं. आम्ही इस्पितळातून येत होतो. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी ह्यांच्या हातात दोन्ही ग्लास ठेवले. मी दोन्ही काढून घेतले. "त्यांना चालत नाही." गृहस्थ म्हणाले, "प्रसाद आहे अम्मा, स्वल्प." मी म्हटलं, प्रसाद असला तरी पोटात जाऊन पाणीच होतो. ग्लास परत टेबलावर ठेवले आणि ह्यांना दंडाला धरून घरी आणलं.

घरी येऊन पान वाढलं. मऊ भात, पातळसं सार, आणि शेवटी ताकभात. वाटी भरून ताक ओतलं त्यावर. कारण आजाऱ्याला हलकं खायला द्यायचं, आणि ताकभात झाल्याशिवाय जेवण संपत नाही. ना माझ्या माहेरी, ना सासरी, ना ह्या गावात कुणाकडे. ग्लासातलं ताक पाणी असतं, भातावरचं ताक जेवण असतं. मी असं ठरवलं नव्हतं. ते माझ्या डोक्यात आधीपासून तसंच होतं. अळणी ताकभात, दुपारी आणि संध्याकाळी. ते फार हळू खायचे. बोटं चाटायचे. दिवसभरात तेवढ्याच वेळी त्यांच्या तोंडावर जरा उजेड दिसायचा. मला वाटायचं, चला, अन्न तरी गोड लागतंय.

एका रविवारी सकाळीच त्यांना श्वास पुरेना. आडवं होता येईना. खिडकीचे गज धरून बसले, ओठ निळे. रिक्षातून नेलं, यंत्राला लावलं, वाचले. शुद्धीवर आल्यावर माझं पहिलं वाक्य, "मरायचंय का तुम्हाला?"

"नाही," ते म्हणाले. एवढंच. अगदी साधेपणानं.

पलीकडच्या पलंगावर आनेकलचा एक शेतकरी असायचा. त्याची बायको पहाटेच्या बसनं त्याला घेऊन यायची. मी आणि ती व्हरांड्यात बाकावर बसायचो. ती डबा उघडायची, मी गप्प. त्या मंगळवारी ती नाचणीचा मुद्दे, म्हणजे उकडीचा गोळा, मोडता मोडता बोलत होती. "मुद्दे कोरडा उतरत नाही हो घशाखाली. थोडं सारू लागतंच. म्हणून मी काय करते, जेवढं सारू देणार तेवढं पाणी सकाळीच त्याच्या वाटणीतून काढून टाकते."

मी विचारलं, "का?"

"का म्हणजे? पोटात गेलं की पाणीच ना ते, अक्का?"

रामनवमीला हेच मी म्हणाले होते. ह्याच शब्दांत. मी बोटांवर मोजायला लागले. दुपारी एक वाटी, संध्याकाळी एक वाटी. सार वेगळं. मऊ भातातलं पाणी वेगळं. निदान तीन लोटे. ती विचारत होती, "अक्का, काय झालं? चक्कर येते का?" मी म्हटलं, काही नाही.

घरी आल्यावर त्यांना खिडकीजवळ बसवलं, चपला काढल्या. मग समोर उभी राहून म्हटलं, "ताकात पाणी असतं."

त्यांनी चपला पायानंच बाजूला सारल्या.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"हं."

"केव्हापासून?"

"पहिल्याच महिन्यात मोजलं होतं. तुझी वाटी लोट्याहून मोठी आहे."

म्हणजे बघा. खिळा मारायला पट्टी लावणारा माणूस. त्याला कळणार नाही असं मला वाटलंच कसं?

"आणि कँटीनचा नळ?"

"तिथं मी कधी गेलो नाही."

"अहो, मग मी कारखान्यात जाऊन तमाशा केला, लोक चोर म्हणाले, तेव्हा मूग गिळून का बसलात? मी आ करायला लावत होते तुम्हाला, आ!" माझा आवाज चढला होता. मला वाटतं त्या सबंध वर्षात तेवढाच एकदा मनापासून चढला.

ते शांतपणे म्हणाले, "पाणी गेलं. चहा गेला. मीठ गेलं. लेथ गेली. ताकभात राहिला होता. सांगितलं असतं तर तू तोही बंद केला असतास."

"केलाच असता."

"म्हणून नाही सांगितलं."

मी माफी मागायला हवी होती. नाही मागितली. आत स्वयंपाकघरात गेले, ताकाचं भांडं शेजारच्या अक्कांना देऊन आले. सहा महिन्यांनी त्यांच्या दारात गेले होते, त्या खूश झाल्या. संध्याकाळी फडफडीत भात केला आणि कोरडी भाजी. त्यांनी जेवण संपवलं, आणि नंतर थोडा वेळ तसेच बसून राहिले, उजवा हात ताटात, बोटं सुकत चाललेली. मी पाठ फिरवून ओटा पुसत होते. मग ते उठले, चूळ भरली, आणि मी काही म्हणायच्या आत माझ्याकडे वळून आ केला.

"नको," मी म्हटलं. "आता नको ते."

शुक्रवारी वजन दीड किलोनं वाढलेलं. काटा दोनदा बघितला सिस्टरनं. गोळे आले नाहीत, प्रेशर पडलं नाही. ती सबंध वॉर्डला ऐकू जाईल असं म्हणाली, "शाबास अण्णा! एवढे दिवस ऐकत नव्हता, आता कसं?"

मला वाटलं, आता सांगतील. सांगावं, असंही वाटलं. ते हसून म्हणाले, "हो सिस्टर. चोरी सोडली."

सिस्टरनं माझ्या पाठीवर थाप मारली. मी घेतली ती थाप. कारखान्यातही जाऊन खरं सांगायचं मी मनाशी ठरवलं होतं, आणि उद्या-उद्या करत गेलेच नाही. पुढे दोन-तीन महिन्यांत त्यांचं कामावर जाणंच सुटलं. शेवटपर्यंत तिथं ते नीरुकळ्ळाच राहिले.

त्यानंतरचे सगळे मंगळवार-शुक्रवार मला एकच वाटतात. वजन बरोबर यायचं. पायांची सूज गेली. ते रात्री आडवे होऊन झोपू शकायचे. डॉक्टर म्हणाले, तब्येत सुधारली. कागदावर सुधारली होती. घरात मात्र ते बोलायचे कमी झाले. जेवायला हाक मारली की यायचे, जेवायचे, जायचे. चव कशी झालीय विचारलं तर म्हणायचे, "सरी आहे," म्हणजे ठीक आहे. आधी कधी मीठ नाही म्हणून कुरकुरायचे, तीही कुरकुर गेली. मला ते सोयीचंच पडत होतं. भांडायला लागत नव्हतं, राखण करायला लागत नव्हती.

मग एकदा बाकावर ती आनेकलची बाई सहज म्हणाली, "अण्णांना मजिगे किती देता आता?"

"बंद केलं."

"पूरा बंद?" तिचा घास हातातच राहिला. "अय्यो, बंद कशाला अक्का? मी कापायचं म्हटलं होतं. पाव वाटी द्यायचं, पाव वाटी पाण्यातून कमी करायचं. त्यांनाच विचारायचं, काय हवं, पाणी की मजिगे. माणूस आहे ना तो."

मी चार इयत्ता जास्त शिकलेली, शहरातली. ती अंगठा उठवणारी. तिनं तेव्हाच सांगितलं होतं तसं: जेवढं देणार तेवढं काढायचं. मी ऐकलंही होतं तेच. पण माझ्या हाताला तोवर एकच काम येत होतं, बंद करायचं. तेवढंच मी केलं.

त्या दिवशी घरी येऊन मी अक्कांकडून विरजण आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांच्या दहाच्या लोट्यातून निम्मं पाणी काढून ठेवलं, त्यांना दाखवून. आणि दुपारी तेवढंच ताक, त्याच लोट्यानं, रेघेच्या निम्म्यापर्यंत मोजून भातावर ओतलं. कालवून त्यांच्यापुढे ठेवलं.

त्यांनी ताटलीकडे बघितलं. मग दोन बोटांनी ती हळूच माझ्याकडे सरकवली.

"हिशेब बरोबर आहे," मी म्हटलं. "मोजलाय मी. चालतो एवढा."

"माहीत आहे."

"मग?"

"आता सवय झाली," ते म्हणाले. रागानं नाही. थकलेल्या माणसानं रिक्षावाल्याला पत्ता सांगावा तसं. "फार दिवस लागले गं सवय व्हायला. आता पुन्हा तोंडाला लावू नकोस."

ते उठले, चूळ भरली आणि खिडकीजवळ जाऊन बसले. त्यानंतर ते वर्षभर जगले, पण ताकभात मी पुन्हा कधी वाढला नाही.

अन्न टाकवेना, म्हणून ती ताटली मी ओढून घेतली. तिथंच बसून खाल्ला तो भात. इतके दिवस मी तो कालवत होते, वाढत होते, पण स्वतः कधी चाखला नव्हता. मीठ नाही, फोडणी नाही, काही नाही. ह्याच्यासाठी तो माणूस चोर झाला होता.